उघडू नये

१२ जुलै

मिळाली! मिळाली, मिळाली, मिळाली!

कलाकेंद्राची फेलोशिप. वर्षभर दरमहा मानधन आणि डोक्यावर एक मार्गदर्शक. फोनवरच्या बाई 'अभिनंदन' म्हणाल्या आणि मी 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवून दिला. दोनदा नकार पचवलेल्या माणसाला अभिनंदन ऐकायची सवय कुठून असणार! बिचारीने परत केला.

आईला सांगितलं. "म्हणजे नेमकं काय करायचे पैसे?" म्हटलं, मी जे करते तेच करायचे. "तेच?" एवढंच म्हणाली आणि माझ्या कामाच्या टेबलाकडे अशी बघत राहिली, जसं काही तिथे मांजराने घाण केलीय.

दादाला फोन. खूश झाला, पण दादाच तो. "एक वर्ष घे. तेवढ्यात काही घडलं नाही तर माझ्या विम्याच्या ऑफिसात यायचं. जागा धरून ठेवतो. कबूल?" कबूल म्हटलं. आनंदात माणूस काहीही कबूल करतो.

१३ जुलै

आज केंद्रात जाऊन सगळं नीट समजून घेतलं. आम्ही पाचजण आहोत. वर्षाच्या शेवटी प्रदर्शन. परीक्षक येणार आणि पाचातल्या एकाला स्टुडिओ मिळणार — तीन वर्षांसाठी! पाहून आले. उंच खिडक्या, मोठं बेसिन, सिमेंटची जमीन. कितीही सांडा, कोणी ओरडणार नाही. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर काम करते आणि जेवायच्या वेळी सगळं पलंगाखाली सरकवते. त्या बेसिनपाशी उभी राहिले तर डोळ्यांत पाणीच आलं. बेसिन बघून! मला तो स्टुडिओ हवाय. इतकं काही हवंसं मला कधी वाटलं नव्हतं.

एक अट आहे. स्टुडिओ ज्याला मिळेल त्याने पुढच्या तुकडीतल्या एका नवख्याला वर्षभर शिकवायचं. मी शिकवणार? कप्पाळ!

आईने विचारलं, "वयाची अट नाही ना गं?" म्हटलं नाही, ऐंशीचं माणूससुद्धा चालतं. माझं चौतीस म्हणजे काहीच नाही. "मग ठीक," म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

२ ऑगस्ट

मार्गदर्शक येऊन गेल्या. सत्तरीच्या आहेत, आयुष्यभर दगड फोडलाय. केंद्रात सगळे त्यांना मागे 'छिन्नी' म्हणतात. तीन जिने चढून आल्या, खुर्चीत बसल्या, दम खात राहिल्या. मी घडाघडा सगळं सांगितलं. मी दोन गोष्टींच्या मधली जागा पकडते. मऊ मातीचा गोळा मधे दाबायचा, त्याचा साचा घ्यायचा, साच्यात प्लास्टरचा पातळ थर फिरवायचा. मग जो पोकळ आकार निघतो तो त्या मधल्या जागेचा. फोनवर बोलताना कान आणि खांद्याच्या मधली जागा. बाकावर पाठीला पाठ लावून बसलेल्या दोघांमधली. दार आणि चौकट यांच्यामधली, जिथे लहानपणी सगळ्यांची बोटं चेमटतात. अंड्याच्या कवचाएवढी जाडी असते. फुंकर मारली तर जातील असे आकार.

त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. सगळ्यांत चांगला आकार उचलला — आईच्या चपलेतला. पाऊल आणि चप्पल यांच्यामधली कमान. हातावर तोलला. मला वाटलं, आता कौतुक.

"तोड."

मी म्हटलं, काय?

"दर महिन्याला एक तोडायचा. आवडता. परत करता आला तर तुझा. नाही आला तर नशिबाने झालेला होता."

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिने ऐकलं. ट्रे आपटला! "तोडायला शिकवायचे पैसे देतात का हो तुम्हाला?" छिन्नीबाई शांतपणे म्हणाल्या, "हो." दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग आईने बिस्किटं पुढे केली. पण बशी मुद्दाम लांब ठेवली.

३ ऑगस्ट

नाही तोडणार. गेल्या उडत.

२३ ऑगस्ट

तीन मंगळवार झाले. त्या येतात, बसतात, "तोडलास?" विचारतात, चहा पितात, जातात. आई म्हणते, बाईंना तीन जिने चढून फुकटचा चहाच प्यायचा असेल. पण हल्ली बिस्किटांची बशी जवळ असते, ते पाहिलंय मी. आणि आज चक्क दोघी बोलत होत्या. आई काचसामानाच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात सव्वीस वर्षं होती, तेच पुराण. "माझ्या हातून गेलेला पेला फुटलाय अशी एक तक्रार दाखवा!" छिन्नीबाईंनी विचारलं, कसं बांधायचात? आईने लगेच साखरेचा डबा बांधून दाखवला. मी आपली माझ्याच मार्गदर्शकाची वाट बघत उभी!

२४ ऑगस्ट

तोडला.

रागाच्या भरात. त्यांच्यावरचा राग, दादाचा सकाळचा फोन ("ऑफिसात खिडकीजवळचं टेबल मिळेल"), सगळा मिळून. आवाजसुद्धा धड झाला नाही. मग जमिनीवर बसून भोकाड पसरलं. आई आली, झाडू घेऊन उभी राहिली. 

मग म्हणाली, "चल, आण माती. पाय देते."

आणि इथे गंमत झाली. मागच्या वेळी ती खुर्चीत बसून पाय ठेवत होती. आज खुर्ची प्लास्टरच्या पोत्याने अडवली होती म्हणून ती उभी राहिली. सगळा भार पायावर. सव्वीस वर्षं टेबलाशी उभी राहिलेली बाई — तिच्या पायाची कमान बसलीय. उभी राहिली की तिथे जागा अशी उरतच नाही! जो आकार निघाला तो जुन्याच्या निम्म्याने बारीक. एक चिंचोळी फट नुसती. पण खरी! पहिला आकार सुंदर होता आणि साफ खोटा होता. मला हे आधी दिसलं कसं नाही? दिसणार कसं, मी तो मखरात बसवून ठेवला होता ना!

रडत होते ती हसायलाच लागले.

३० ऑगस्ट

छिन्नीबाईंनी नवा आकार हातात घेतला. बराच वेळ ठेवला. "हं," म्हणाल्या. त्यांचा हं म्हणजे दुसऱ्याचं भाषण. दिवसभर मी हवेत!

१५ नोव्हेंबर

कान-खांद्याचा आकार चौथ्यांदा तोडला; महिन्याला एकावर हल्ली माझं भागत नाही. आता रडत नाही. आई म्हणते, "निर्ढावलीस."

६ फेब्रुवारी

बाकीच्या चौघांचं काम पाहिलं. धडकीच भरली. एकाचे सहा प्रोजेक्टर एकदम चालतात, भिंती हलतायत असं वाटतं. माझे आकार पलंगाखाली मावतात. छिन्नीबाईंना म्हटलं तर म्हणाल्या, "मोठं करायचंय का तुला?" नाही. "मग घरी जा." गेले. सहा आकार पक्के केले. यातला प्रत्येक मी किमान दोनदा तोडलाय. सहाही आता झोपेत करू शकेन. उगाच बढाई नाही, खरंच करू शकेन.

२५ मे

उद्या सामान केंद्रात जाणार. मागच्या एका प्रदर्शनाला मी स्वतः बांधून नेलं होतं — जुन्या चादरी, उश्या, फुगे-फुगे असलेलं प्लॅस्टिक. पोचेपर्यंत दोन फुटले होते. आईने ते अजून विसरू दिलेलं नाही. आज पदर खोचला आणि मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं.

पण दाराशी उभी राहून बघितलं. आधी वर्तमानपत्राच्या वळ्या, मग खाकी कागद, मग सुतळी. कागदाला चिकटपट्टी नाही. सुतळीला कात्री नाही. "कारखान्याचा नियम. गाठ सोडायची, कापायची नाही. गिऱ्हाईकाने कात्री घेतली की काच गेलीच समज." सगळी सुतळी फिरून फिरून वरच्या एका गाठीशी येते. तिची एक शेपटी ओढली की अख्खं सुटतं म्हणे. मी ओढायला गेले तर हातावर चापट!

शेवटी प्रत्येक गाठोड्यावर जाड पेनने लिहिलं — उघडू नये. मोठ्या अक्षरात. म्हटलं हे कशाला? "मधल्या कोणी हात घालू नये म्हणून. सव्वीस वर्षं लिहिलंय. तुला काय त्रास आहे?" काही नाही. सहा गाठोडी ओळीने उभी राहिली. दिसत होती मात्र झोकात.

२८ मे

देवा.

मला उद्या सकाळी आकार मांडायला बोलावलं होतं. पण मांडणारी माणसं एक दिवस आधीच मोकळी झाली, आणि एका परीक्षकाचं विमान लवकरचं निघालं, म्हणून सगळे परीक्षकही आजच फिरून गेले. मी संध्याकाळी सहज डोकावले. बघते तर — सहा पांढरे चौथरे, सहा दिवे, आणि दिव्यांखाली सहा गाठोडी. बांधलेली! सुतळीसकट! खाली पाटी: 'मधल्या जागा'. आणि माझं नाव.

मी मांडणाऱ्या माणसाला धरलं. तो म्हणाला, "ताई, त्यावरच लिहिलंय ना — उघडू नये. कलाकाराची सूचना आम्ही मोडत नाही." बरोबर आहे त्याचं. मागच्या वर्षी इथे कोणीतरी पोत्यांचा ढीग ठेवला होता आणि तो आवरला म्हणून याने बोलणी खाल्ली होती. दुधाने तोंड पोळलेला माणूस, ताक फुंकून प्यायला.

तेवढ्यात संयोजक आले. हळू आवाजात बोलणारे तरुण गृहस्थ. माझे दोन्ही हात धरले. "धाडस! तुम्ही दाखवणंच नाकारलंत. मधली जागा आम्हीच भरायची!" मी तोंड उघडलं तर मला बोलू देईनात. "परीक्षक इथे सगळ्यांत जास्त थांबले. एकजण तर खाली मांडी घालून बसले. माझ्याकडून ऐकलं म्हणू नका, पण... जवळजवळ ठरलंय."

मला आधी हसू आलं. मग रडू. मग एकदम सणसणून भूक लागली. घरी येऊन उभ्या उभ्या चार पोळ्या खाल्ल्या.

दादा म्हणाला, "गप्प बस ना! हातातोंडाशी आलेला घास! स्टुडिओ घे, मग काय उघडायचं ते उघड." दादा चूक बोलत नाही, हीच तर पंचाईत आहे. गप्प बसले तर बेसिन माझं. बोलले तर विम्याचं ऑफिस, खिडकीजवळचं टेबल.

छिन्नीबाईंना फोन केला. सगळं सांगितलं.  त्या — हसायला लागल्या! वर्षभरात पहिल्यांदा. खोकला येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "तुझं काम कुठे आहे?"

आत.

"मग मला कशाला विचारतेस?"

आणि ठेवला फोन.

आई सगळं ऐकत होती. मला वाटलं, तिला वाईट वाटेल, तिच्या अक्षरांमुळे घोळ झाला. छे! "मांडी घालून बसला? माझ्या गाठींपुढे?" दोनदा विचारलं. मग एकदम गंभीर झाली. "उघडायचं तर कात्री लावू देणार नाही कोणाला. उद्या मी येते."

२९ मे

मध्यरात्र उलटलीय, पण आज लिहिणारच.

दालन गच्च भरलं होतं. मागे प्रोजेक्टर चालू. भाषणं झाली. संयोजकांनी आम्हा पाचजणांना दोन शब्द बोलायला सांगितलं. माझी पाळी आली.  मी म्हटलं, "एक चूक झालीय. तुम्ही जे पाहताय ते माझं काम नाही. ते माझ्या आईचं पॅकिंग आहे. माझं काम आत आहे. आता उघडते."

 संयोजकांचा चेहरा पाहवेना. परीक्षकांतले एकजण — तेच असणार, मांडीवाले — लालबुंद झाले. दादा तिसऱ्या रांगेत कपाळाला हात लावून. दिला! दिला घास टाकून!

मग आई पुढे आली. चष्मा लावला. पहिल्या चौथऱ्यापाशी गेली, लोकांकडे वळून म्हणाली, "जरा मागे व्हा," आणि शेपटी ओढली.

एका झटक्यात सगळी सुतळी सुटून खाली आली. कागद चारी बाजूंनी उतरला. वळ्या बाजूला पडल्या. आणि मधे माझा कान-खांद्याचा आकार. अख्खा. दिव्याखाली इतका पातळ की उजेड आरपार. कोणीतरी "अरे!" म्हणालं. मोठ्याने.

दुसरा. तिसरा. आई घाई करत नव्हती. प्रत्येक वेळी ओढायची, आणि लगेच आकाराकडे न बघता लोकांच्या तोंडाकडे बघायची. लोक पुढे सरकायला लागले. चौथ्यापासून टाळ्या. एका बाईंनी मुलाला खांद्यावर घेतलं. पाचव्याला ते मांडीवाले परीक्षक सगळ्यांच्या पुढे, तोंड उघडं.

सहावा चपलेतला. आई थांबली. मला म्हणाली, "हा तू सोड."

मी म्हटलं, मला नाही येत. फुटेल.

"उजवीकडची शेपटी. घाबरत ओढलंस तर अडकते. ओढ एकदम."

ओढली. सुटली! आणि तिथे तिची सगळी सव्वीस वर्षं, अंगठ्याएवढ्या जाडीची, उभी. मी लोकांना एवढंच सांगितलं की ही माझ्या आईच्या पायाखालची जागा आहे, आणि ती इतकीच उरलीय.  टाळ्या थांबेनात. मला अभिमान वाटला. स्वतःचा! लिहिताना लाज वाटत नाहीये.

परीक्षकांतल्या ज्येष्ठ बाई उठल्या. "आम्ही काल बाहेरचं बघून मत बनवलं होतं. आम्हाला परत बसावं लागेल." आत गेले सगळे. केवढा वेळ! दादा माझ्याजवळ आला. मला वाटलं, झापणार. म्हणाला, "ते टेबल दुसऱ्या कोणाला दिलं तर चालेल?" डोळे पुसत होता, वर म्हणे धूळ आहे इथे.

बाहेर आले. नाव वाचलं. माझं!!!

स्टुडिओ माझा. बेसिन माझं. मांडीवाले येऊन म्हणाले, "काल मी गाठींपुढे बसलो होतो, त्याची मला लाज नाही. पण आज उभा राहिलो." छान माणूस आहे. छिन्नीबाईंनी माझा कान पकडला, अक्षरशः पकडला, आणि "हं," म्हणाल्या. मग आणखी एक जोडला — "हं हं."

परत येताना रिक्षात आई सुतळी गुंडाळत बसली होती. सगळी गोळा करून आणलीन. मी म्हटलं, आज खूश का? तिने आधी गुंडाळी पुरी केली.

मग म्हणाली, "एवढी वर्षं बांधलं गं. माल गेला की गेला. उघडताना माणसाचं तोंड कसं होतं, ते कधी पाहिलंच नव्हतं."

३० मे

जागी झाले. अजून खरंच आहे.

७ जून

स्टुडिओत पहिला दिवस. मुद्दाम प्लास्टर सांडलं. कोणी ओरडलं नाही.

घरी आले तर आई नुकतीच बाहेरून आलेली. विचारलं कुठे गेली होतीस, तर "काम होतं." घरातले साखरेचे, चहाचे, डाळींचे सगळे डबे खाकी कागदात बांधलेत. चहा करायला गेले तर गाठ सोडावी लागली.

१ ऑगस्ट

केंद्राच्या नव्या तुकडीची नावं लागली. अट म्हणजे अट — एक नवखा माझ्या वाट्याला. त्याच 'अभिनंदन'वाल्या बाईंनी फोनवर सांगितलं की एका उमेदवाराने मलाच मागून घेतलंय. वय त्रेसष्ट. काम: 'सोडायच्या गाठी'. छिन्नीबाईंची शिफारस.

घरी आले. म्हटलं, आई, मंगळवारी येते मी तुझ्याकडे, सगळ्यांत चांगली गाठ काढून ठेव. आणि कात्री.

आईने बिस्किटांची बशी लांब सरकवली.